विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास : तपास कुठून सुरू करावा? (बेळगाव तालुका)

शिवारकर
नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, जांभ्याच्या माळावर. नाव मुद्दाम लिहीत नाही. पेट्रोल पंप चालवणारे गावचेच आहेत आणि अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

आजोबांनी खोदलेली आमची विहीर पाच मीटर व्यासाची आहे. पंप रस्त्याला, चढावर. तिथून आमच्यापर्यंत सव्वाशे मीटरच्या आसपास अंतर भरेल. मध्ये एक गॅरेज आणि शेजाऱ्यांची बोअर. गेल्या पावसाळ्यात मोटर चालू केली की पहिल्या पाण्याला वास यायचा. उन्हाळ्यात वास गेला, तेव्हा सगळे म्हणाले मिटलं. यंदा भाताची लावणी झाली आणि वास परत आला. आता पाण्यावर सप्तरंगी तवंगही दिसतो. पाणी तपासून आणलं, खरं रिपोर्टवर "पिण्यास योग्य" असं लिहून आलंय! तीन घरं हे पाणी पितात. पंचायतीत म्हणतात, विहीर उपसून गाळ काढा, ब्लीचिंग पावडर टाका, होईल बरं. मनाला पटत नाही. काय करावं?

निपाणीकर
आमच्याकडे काळ्या रानात विहिरीला वास आला की आधी उपसाच करतात. पण इथे पेट्रोलचा संशय आहे म्हणून विचारतो, उपसा करून घेतला तर नुकसान काय? जाणकारांनी सांगावं.

कातळरेषा
शिवारकर दादा, हे आज रात्रीच घरात सगळ्यांना सांगा : विहिरीत कोणीही उतरायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती पाण्यालगत साचून राहते. उतरणारा माणूस गुदमरू शकतो आणि एका ठिणगीने भडकाही उडू शकतो. विहिरीत हवा आहे का बघायला कंदील किंवा पेटती चिमणी सोडायची जुनी रीत आहे, ती इथे अजिबात नको. विहिरीच्या आत मोटरचा स्टार्टर किंवा उघडी वायर असेल तर मेनमधून बंद करा. विडी-काडी कठड्यापासून लांब.

दुसरं, पिणं आणि स्वयंपाक थांबवा. पाणी उकळणं हा उपाय नाही. उकळल्यावर पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी द्रव्य पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतं आणि ते श्वासातून आत जातं. कोंडलेल्या न्हाणीघरात गरम पाण्याने अंघोळ केली तरी तेच होतं. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर टँकर मागवा, नळाचं आणा, काहीही करा, पण हे पाणी नको. बेंझीन माणसात कर्करोग घडवतं हे पक्कं ठरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात ठेवलेलं आहे.

निपाणीकर, उपशाबद्दल विचारलंत ते बरं केलंत. उपसा केला की विहिरीची पातळी पडते आणि आजूबाजूचं पाणी जोराने तिच्याकडे धावतं. वर कुठे पेट्रोलचा थर तरंगत असेल तर आपण तो स्वतःच ओढून आणतो. शिवाय उपसलेलं पाणी शेतात सोडायचं की ओढ्यात? ब्लीचिंग पावडर जंतूंसाठी असते, बेंझीन तिने जात नाही. आणि पुरावा हलवला जातो तो वेगळाच.

तवंगाची एक खात्री करून घ्या. जांभ्यात लोह खूप असतं आणि लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचाही अगदी असाच रंगीत पापुद्रा पाण्यावर येतो. लांब काठीने तवंग हलवा. जिवाणूंचा असेल तर त्याचे कोपरेदार तुकडे होतात आणि ते तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा असेल तर फाटून लगेच परत जुळतो. आपल्या भागात ही परीक्षा न करता कोणावर बोट ठेवू नये.

शिवारकर
ताई, सकाळी काठीने बघितलं. लगेच जुळतो. आईला सांगितलं, ती कालपासून नळाचं पाणी भरतेय. खरं मला एक कळत नाही. पेट्रोल गळत असेल तर उन्हाळ्यात वास कुठे जातो?

कातळरेषा
यावर थोडं विस्ताराने लिहिते, कारण इथेच बहुतेक गावं फसतात.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. जमिनीत झिरपत ते पाण्याच्या पातळीपर्यंत जातं आणि तिच्यावर पसरतं. बेळगावला वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिमी पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. म्हणून आपल्या विहिरींची पातळी आषाढ-श्रावणात काठाकडे येते आणि वैशाखात तळाला जाते. पातळी उतरते तेव्हा पेट्रोलही तिच्याबरोबर उतरतं आणि जाता जाता माती-मुरमाच्या प्रत्येक छिद्राला चिकटून राहतं. पातळी चढली की हा माखलेला सगळा पट्टा पाण्यात बुडतो आणि त्यातला विरघळणारा भाग पाण्यात उतरतो. म्हणजे वास येतो-जातो तो पातळीप्रमाणे. उन्हाळ्यात वास गेला म्हणून प्रदूषण गेलं असं होत नाही, ते वरच्या कोरड्या थरात बसून राहतं. उद्या गळती बंद केली तरी पुढची काही वर्षं हा पट्टा पाणी बिघडवत राहू शकतो.

आता जमीन. वरचा जांभा मधमाशांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र, पाणी त्यातून भराभर जातं. त्याखाली पांढरट-पिवळी चिकणमाती, ती पाणी अडवते. तिच्याखाली काळा पाषाण, त्यात पाणी फक्त भेगांतून आणि सांध्यांतून वाहतं. त्यामुळे तुमची विहीर आणि शेजाऱ्यांची बोअर वेगवेगळ्या थरांतलं पाणी घेत असतील, किंवा एखाद्या भेगेने जोडलेलीही असतील. जमिनीचा उतार पंपाकडून तुमच्याकडे आहे म्हणून खालचं पाणीही तसंच वाहतं हे गृहीत धरू नका. ते मोजायचं असतं.

प्रयोगशाळेतून
मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तुमच्या रिपोर्टबद्दल लिहिते. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत काय असतं? सामू, क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, कोलिफॉर्म. यातल्या एकातही पेट्रोल सापडत नाही, म्हणून रिपोर्ट "योग्य" आला. भारतीय मानक १०५००, म्हणजे २०१२ चं पिण्याच्या पाण्याचं मानक, त्यात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिली आहे, पण ती चाचणी वेगळी मागावी लागते. आणि ती बेंझीनसाठी पुरेशीही नाही. जागतिक आरोग्य संघटना बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम धरते, अमेरिकेत ५.

हे आकडे किती लहान आहेत ते बघा. बीएस-६ पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे एका लिटरात १० मिली, वजनाने ८.८ ग्रॅम. एवढं बेंझीन ८.८ लाख लिटर पाणी १० मायक्रोग्रॅमपर्यंत नेतं. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते ९८ हजार लिटर. हिशोब तुम्हीच करा, एका लिटर पेट्रोलला अशा नऊ विहिरी.

प्रयोगशाळेकडे मागायचं ते असं : बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन, झायलीन, नॅफ्थलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन. सगळं जीसी-एमएसवर, म्हणजे पाण्यातली द्रव्यं वेगळी करून एकेक ओळखणाऱ्या यंत्रावर. यातल्या शेवटच्या चाचणीचा आलेख हातात मागून घ्या, नुसता आकडा नको. पेट्रोल, डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे आलेख वेगवेगळे दिसतात. इंजिन ऑइल जड असतं, त्यात बेंझीन-टोल्युईन नगण्य. मध्ये गॅरेज आहे म्हणालात, ते निर्दोष की नाही याचं बरंचसं उत्तर तिथेच मिळेल. आणि एक, मातीत जुनं शिसं सापडलं तर गळती जुनी असू शकते, कारण शिसंविरहित पेट्रोल देशभर २००० सालापासून आहे.

नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत नको. ४० मिलीची काचेची कुपी, टेफ्लॉन अस्तराचं झाकण, आत हवेचा एक बुडबुडासुद्धा नको. कुपीत आम्ही आधीच थोडं आम्ल घालून देतो, त्यामुळे ती विसळायची नाही. लगेच बर्फात. आमच्याकडून शुद्ध पाण्याने भरलेली एक बंद कुपीही येते, ती न उघडता तुमच्या नमुन्यांबरोबर परत पाठवायची. वाटेत कुठून वाफ शिरली का ते तिच्यावरून कळतं. म्हणून हे खोकं पेट्रोलच्या कॅनशेजारी किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

जुना डिपवाला
पंपांच्या टाक्या बसवणं, पाईप बदलणं हे काम मी आयुष्यभर केलं, हुबळी ते कोल्हापूर. लोकांना वाटतं टाकी फुटते. टाकीपेक्षा पाईपचे सांधे, डिस्पेन्सरखालची (गाडीत पेट्रोल भरणाऱ्या यंत्राखालची) जोडणी आणि टँकर रिकामा करतात तिथलं तोंड, गळती बहुतेक इथे असते. पाईप जुन्या लोखंडी आहेत की नव्या प्लॅस्टिकच्या ते विचारा. आणि टाकीतून पेट्रोल उपसणारा पंप कुठे बसवलाय तेही विचारा. डिस्पेन्सरमधला पंप पेट्रोल ओढून घेत असेल तर पाईपला भोक पडल्यावर हवा आत येते, पंप नीट चालत नाही आणि लगेच कळतं. टाकीत बुडालेला पंप पेट्रोल ढकलत असेल तर त्याच भोकातून पेट्रोल बाहेर मातीत जातं आणि वर काही दिसत नाही.

मालक खोटं बोलतात असंच नसतं हो. सेकंदाला एक थेंब धरा, दिवसाला चार-सव्वाचार लिटर होतात, वर्षाला दीड हजार. आता रोज सकाळी टाकीत काठी टाकून डिप घेतात, म्हणजे पेट्रोल किती आहे ते मोजतात. टाकीत १० हजार लिटर पेट्रोल असेल तर एक अंश तापमान बदललं तरी साधारण १० लिटरचा फरक पडतो. त्यात चार लिटर कुठे दिसणार? म्हणून रोजच्या हिशोबावर न जाता महिनोन्‌महिन्यांची तफावत एकत्र मांडायची. ती सतत एकाच बाजूला झुकत असेल तर गळतंय. पक्कं उत्तर टाकीच्या आणि पाईपच्या गळती-चाचणीनेच मिळतं.

अजून एक गोष्ट, ही कागदावर कुठे लिहिलेली नसते. तुमच्याकडे पावसाळ्यात पाणी वर येतं. टाकी भूजलात बुडाली आणि तिला खाली भोक असेल तर उन्हाळ्यात पेट्रोल बाहेर जाणारी तीच वाट पावसाळ्यात पाणी आत आणते. गावात विचारा, पावसाळ्यात "पेट्रोलमध्ये पाणी आलं" अशी गिऱ्हाइकांची तक्रार झाली होती का. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर खाली बसतं आणि गाड्या बंद पडतात.

कातळरेषा
डिपवाले काका, तुमचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. इथेनॉलची आणखी एक बाजू जोडते. जमिनीतले जिवाणू बेंझीन खातात, पण इथेनॉल त्यांना आधी हवं असतं. ते खाताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि बेंझीन न खाल्लेलं पुढे वाहत जातं. म्हणून आता पाण्यात पसरणारा प्रदूषणाचा डाग पूर्वीपेक्षा लांबवर पोचण्याची शक्यता धरून चालावं.

शिवारकर दादा, जमिनीखालचं पाणी कुणीकडे वाहतं ते मोजायचं, पैसा न लागणारं एक काम तुम्ही करू शकता. तीन विहिरी घ्या, एका रेषेत नसलेल्या. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन तिन्ही कठड्यांची उंची एका ठरावीक खुणेपासून काढा. मग पहाटे, रात्रभर सगळ्या मोटरी बंद ठेवून, कठड्यापासून पाणी किती खोल ते टेपने मोजा. टेप कठड्यावरूनच सोडायचा, वाकायचं नाही. दुपारी मोटरी चालू असताना पुन्हा मोजा.

सीमेवरचा वकील
कायद्याची बाजू थोडक्यात. स्वतः काढलेला नमुना डोळे उघडायला उपयोगी, पण खटल्यात उभा राहणारा नमुना वेगळा. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी जागेच्या ताबेदाराला नोटीस देऊन, त्याच्यासमोर सांडपाण्याचा नमुना घेतो, दोन भाग करतो, सील आणि सह्या होतात. ही रीत पाळली नाही तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून घेता येत नाही. अर्ज कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाला, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि पेसोला, म्हणजे पेट्रोलियमचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेला, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्या आणि पोच घ्या. आपल्या भागात मराठी अर्ज पडून राहिल्याचा अनुभव अनेकांना आहे. त्या भांडणाला दुसरी जागा आहे, इथे पाणी आधी.

जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नवे केंद्रीय नियम आले. स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागा मंडळाला कळवायची आणि मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, असं त्यात आहे. अर्जात या नियमांचा उल्लेख जरूर करा. राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जायची वेळ आलीच तर कर्नाटकचं प्रकरण चेन्नईच्या खंडपीठाकडे जातं. पुणे जवळ आहे म्हणून तिकडे वकील गाठू नका. भरपाईच्या अर्जाला कारण घडल्यापासून पाच वर्षांची मुदत, इतर वादाला सहा महिने. चेन्नईच्याच तोंडियारपेट भागात २०१३ मध्ये घरांच्या बोअरमधून तेलकट पाणी आलं होतं. जमिनीखालची पाईपलाईन गळत होती आणि ते प्रकरण लवादापुढे गेलं.

पंप वस्तीला खेटून असेल तर हेही बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या सूचनांप्रमाणे नव्या पंपाला शाळा, दवाखाना आणि निवासी भागापासून ५० मीटर अंतर हवं, अडचण असेल तर जादा सुरक्षा घेऊनही ३० मीटरपेक्षा कमी नाही. मात्र हे नव्या पंपांसाठी. त्यात विहिरींचा हिशोब नाही आणि तुमचं सव्वाशे मीटर त्यात कुठेच अडत नाही.

शिवारकर
मंडळी, मोजून आलो. देवळाचा चौथरा १०० मीटर धरला. पहाटे देवळाच्या विहिरीचं पाणी ९६.८०, आमच्या विहिरीचं ९४.९०, ओढ्याजवळच्या विहिरीचं ९४.३०. दुपारी शेजाऱ्यांची बोअर चालू असताना आमची विहीर २० सेंटिमीटर उतरली, आमची मोटर बंद असूनही. नकाशा काढून ताईंना पाठवलाय.

आणि पंपावर जाऊन बसलो. भांडायला नाही. त्यांना सगळं सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, माझी मुलंही याच गावचं पाणी पितात. टाक्या आणि पाईप तेल कंपनीचे आहेत, गळती-चाचणीसाठी कंपनीला लेखी कळवतो म्हणाले. गेल्या पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी आल्याच्या तक्रारी आल्या होत्या, हेही त्यांनीच सांगितलं.

जुना डिपवाला
भला माणूस आहे. त्यांना म्हणावं पत्रात तक्रारींच्या तारखा घाला, आणि त्या दिवसांच्या डिपच्या वहीची झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा. काठीला पाणी दाखवणारी पेस्ट लावतात, तिची नोंदही त्याच वहीत असते.

कातळरेषा
नकाशा मिळाला. देऊळ आणि ओढा यांच्यामध्ये पातळी अडीच मीटर उतरते. तुमच्या विहिरीची ९४.९० ही पातळी त्या रेषेवर देवळापासून ७६ टक्के अंतरावर येते. तो बिंदू आणि तुमची विहीर जोडली की समान पातळीची रेषा मिळते, पाणी तिला काटकोनात वाहतं. तुमच्या नकाशावर ते वायव्येकडून आग्नेयेकडे येतं. पंप आणि गॅरेज दोन्ही त्याच बाजूला आहेत, पंप थोडा उत्तरेला. म्हणजे एवढ्यावरून दोघांत निवड करता येत नाही आणि कोणी करूही नये. भेगांच्या खडकात तीन विहिरींची दिशा म्हणजे पहिला अंदाज एवढंच.

शेजाऱ्यांच्या बोअरने तुमची विहीर उतरते, म्हणजे दोन्ही जोडलेल्या आहेत. शेजाऱ्यांना आजच सांगा. बोअर पंपाच्या अधिक जवळ आहे आणि खोल पाण्याला वास कमी येतो म्हणून ते निर्धास्त असतील. त्यांचा नमुना तुमच्याइतकाच महत्त्वाचा.

मंडळाची किंवा कंपनीची माणसं निरीक्षण विहिरी, म्हणजे फक्त पाणी तपासायच्या बारीक बोअर, घ्यायला येतील तेव्हा तिथे उभे राहा आणि या गोष्टी मागा. एक विहीर पंपाच्या वरच्या अंगाला, एक पंप आणि गॅरेजच्या मधे, एक गॅरेजच्या खालच्या अंगाला, निदान एक तुमच्या कठड्याजवळ. जाळीचा पाईप पावसाळी आणि उन्हाळी दोन्ही पातळ्या झाकेल एवढा लांब हवा. जाळी पाण्याखाली बुडालेली असली तर वर तरंगणारं पेट्रोल आत येणारच नाही आणि विहीर स्वच्छ दिसेल. जाळीच्या वर बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीचं सील, नाहीतर रस्त्यावरचं पावसाचं पाणी थेट आत जाईल. खोदताना प्रत्येक थराच्या मातीचा नमुना घ्यायला लावा, विशेषतः उन्हाळी आणि पावसाळी पातळीच्या मधल्या पट्ट्यातला. तेलाचा थर मोजला तर लक्षात ठेवा, विहिरीत दिसणारी जाडी बाहेरच्या जमिनीतल्या जाडीपेक्षा बहुधा जास्त असते, त्या आकड्यावरून किती पेट्रोल सांडलं याचा हिशोब मांडू देऊ नका. आणि एकदा पावसाळ्यात, एकदा एप्रिल-मेमध्ये, असे दोन्ही वेळचे नमुने झाल्याशिवाय "सर्व ठीक" या शेऱ्यावर सही करू नका.

निपाणीकर
भाताचं काय? पाणी लावायचं की नाही?

कातळरेषा
सध्या पावसावर चाललंय तोवर विहिरीचं लावू नका. बेंझीन उघड्यावर लवकर उडून जातं, पण मोटर चालवली की डाग ओढला जातो, ते आत्ता नको. रब्बीचा निर्णय रिपोर्ट बघून घेऊ.

प्रयोगशाळेतून
शिवारकर, कुप्यांचं खोकं रात्रीच्या बसने पाठवते. तुमची विहीर, शेजाऱ्यांची बोअर, देवळाची विहीर, प्रत्येकी तीन कुप्या. आधी देवळाची भरा, तुमची शेवटी, म्हणजे हाताला आणि दोरीला लागलेलं एकातून दुसऱ्यात जाणार नाही. हातमोजे दर वेळी नवे. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी भरा, शुक्रवारी नको, शनिवार-रविवार खोकं गोदामात पडून राहतं आणि बर्फ वितळतो. आम्लाच्या कुप्या १४ दिवस चालतात, पण थंड राहिल्या तरच.

शिवारकर
सोमवारी सकाळी भरतो. पंपवाले स्वतः येतो म्हणालेत, शेजारीही. प्रत्येक कुपीच्या चिठ्ठीवर तिघांच्या सह्या घेतो. चालेल ना, वकीलसाहेब?

सीमेवरचा वकील
चालेल. सह्यांबरोबर तारीख, वेळ आणि पाण्याची पातळी लिहा आणि प्रत्येक कुपीचा फोटो काढून ठेवा. मंडळाच्या अर्जाचा मसुदा मी उद्या इथे टाकतो.